मठात मुक्काम, पायाखाली वाइन

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा हा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथल्या आरो गावात ‘लोस अगुस्तिनोस’ नावाचं हॉटेल आहे. १३७३ साली ऑगस्टिनियन साधूंसाठी बांधलेला हा मठ. पुढे तिथे लष्कराचा तळ पडला, इस्पितळ झालं, तुरुंगही झाला. आता मठाच्या चौकावर काचेचं छप्पर आहे आणि साधू ज्या कमानींखालून येरझाऱ्या घालत, तिथे पाहुणे निवांत बसलेले असतात.

असे मठ रिकामे पडले त्याला कारण राजकारण. १८३६ साली मेंदिसाबाल या मंत्र्याने मठांच्या मालमत्ता सरकारजमा करून विकायला काढल्या. मठांची कोठारं झाली, बराकी झाल्या. काहींचे तर दगडही लोकांनी वाहून नेले. जुन्या वास्तूंच्या पडझडीवर स्पेनने पुढे एक उपाय शोधला, तो ‘पारादोर’चा. ही सरकारी मालकीची हॉटेलं. पहिलं १९२८ साली ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झालं. आज त्यांची संख्या शंभराच्या घरात आहे आणि त्यातली कितीतरी किल्ल्यांत, मठांत, सरदारांच्या वाड्यांत आहेत. पाहुणा राहिला की छपराच्या डागडुजीचा खर्च निघतो, इतका साधा हिशेब.

आरोपासून जवळच असलेल्या सांतो दोमिंगो दे ला काल्सादामधलं पारादोर मला या सगळ्यांत मोलाचं वाटतं. अकराव्या शतकात दोमिंगो नावाच्या साधुपुरुषाने सांतियागो या तीर्थक्षेत्री निघालेल्या यात्रेकरूंसाठी इथे रस्ता केला, ओहा नदीवर पूल बांधला आणि धर्मशाळाही उभारली. त्याच धर्मशाळेच्या जागी हे हॉटेल आहे. दालनात गॉथिक कमानी आणि वर लाकडी छत. समोरच्या कॅथेड्रलमध्ये, भिंतीत उंचावर, नक्षीदार खुराड्यात जिवंत पांढरा कोंबडा आणि कोंबडी ठेवलेली असतात. आख्यायिका अशी, की चोरीचा खोटा आळ येऊन एक तरुण यात्रेकरू फासावर गेला, पण संताच्या कृपेने जिवंत राहिला. हे ऐकून न्यायाधीश म्हणाला, “माझ्या ताटातली ही भाजलेली कोंबडा-कोंबडी जिवंत असतील, तर तोही असेल!” आणि ताटातले पक्षी उठून आरवू लागले. आजही प्रार्थना चालू असताना मध्येच बांग ऐकू येते. एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी: गरीब वाटसरूसाठी बांधलेल्या जागेत आज खोलीचं भाडं चांगलंच आहे. पायी येणाऱ्या यात्रेकरूंची सोय संताच्या नावाने चालणारा संघ त्याच गावात वेगळी करतो, हे बरं आहे.

याच मुलखातल्या लाग्वार्दिया या तटबंदीच्या गावात जुन्या घरांखाली वाइनची तळघरं कोरलेली आहेत. वरून मोटारी गेल्या तर ती खचतील, म्हणून गावात वाहनांना मज्जाव. ‘मिगेलोआ’ हे तिथलं हॉटेल १६१९ सालच्या वाड्यात आहे. वर खोल्या, खाली वाइनचं तळघर.

या मुलखात वाइनची सुबत्ता आली कशी? १८६०नंतर फायलोक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले. त्याच सुमारास आरोला रेल्वे पोचली होती. बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात इथे आले आणि स्टेशनलगत वाइनरींची रांग उभी राहिली: लोपेस दे एरेदिया १८७७, कूने १८७९, ला रिओहा आल्ता १८९०. त्याच १८९० साली आरोत विजेचे दिवे लागले. स्पेनमधल्या पहिल्या काही गावांत त्याची गणना होते.

आपल्याकडे वाइनचं गाव म्हणजे नाशिक. वाइनरी बघायला येणारा पाहुणा तिथे बहुधा मळ्यातल्या नव्याकोऱ्या रिसॉर्टमध्ये उतरतो आणि गोदाकाठचे जुने वाडे दर पावसाळ्यात ढासळत राहतात. वारसांची भांडणं, जुने भाडेकरू, दुरुस्तीचा खर्च या अडचणी खऱ्या आहेत. पण स्पेनमध्येही ओस मठ आपोआप सावरले नाहीत. सरकारने आधी पैसा घातला, मग पाहुणे आले. नाशिकचे जे वाडे अजून उभे आहेत, त्यातले दोन-चार तरी महापालिकेने आणि मालकांनी एकत्र बसून याच वाटेने वाचवावेत.