माग नवा, नक्षी जुनी

श्रोतेहो, सुरतेच्या उधना किंवा लिंबायत भागातून जाताना मागांचा खडखडाट कानी पडला नाही, असे सहसा घडत नाही. खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन येथे स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांना नक्षीदार साडी विणणारा जॅकार्डचा माग चांगला परिचित आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या युक्तीचे मर्म असे की, माग वेगळा आणि नक्षी वेगळी. नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरील भोकांत साठविलेली असते. आता पुष्कळ मागांवर कार्डांची जागा संगणकाच्या फायलीने घेतली आहे. माग बदलल्याने नक्षी नाहीशी होत नाही. मात्र नव्या मागाच्या हुकांची मांडणी निराळी असेल, तर ती वेडीवाकडी उमटते.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या टेक्स्ट एडिटरची तऱ्हा हीच आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतील एखाद्या शिक्षिकेने वर्षभराच्या प्रश्नपत्रिका अशा एडिटरमध्ये लिहून ठेवल्या आहेत, असे समजा. एके सकाळी एडिटरची नवी आवृत्ती येते. परिचित रंग गेलेले, अक्षरांचा आकार बदललेला आणि मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे! अशा वेळी मनुष्य घाबरून सारे पुसून टाकतो आणि एडिटर नव्याने बसवितो. नुकसान होते ते बहुधा याच घाईने.

प्रथम हे ओळखावे की, येथे तीन वस्तू एकमेकींपासून अलग आहेत : एडिटर, त्याच्या सेटिंग्ज आणि आपला मजकूर. रंगांची थीम ही सेटिंग्जचाच भाग होय. साध्या मजकुराच्या फायलीत रंग नसतातच. म्हणून रंग गेले याचा अर्थ मजकूर गेला, असा होत नाही. कित्येकदा तो बिघाडही नसतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरने २०२३ च्या एप्रिल आवृत्तीत आपली मूळची थीम बदलली. अशा प्रसंगी थीमच्या यादीतून जुने नाव पुन्हा निवडले की काम भागते.

तेवढ्याने भागले नाही, तर सेटिंग्जचे संपूर्ण फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून ठेवावे. मग एडिटर आपल्या सेटिंग्जविना सुरू करून पाहावा. व्हिम, इमॅक्स यांसारख्या जुन्या एडिटरांतही ही सोय आहे. तो नीट चालला, तर दोष एडिटरचा नसून सेटिंग्जचा किंवा त्याला जोडलेल्या पूरक भागांचा असण्याचा संभव अधिक. बत्तीस पूरक भाग असतील, तर एकेक तपासत बसू नये. निम्मे बंद करावेत. दोष गेला, तर तो बंद केलेल्यांत आहे, राहिला तर उरलेल्यांत. दोषी भाग एकच असेल, तर असे पाच वेळा निम्मे केल्यावर तो हाती लागतो. सेटिंग्जच्या फायलीत एखादा कंस वा स्वल्पविराम चुकला आहे काय, आणि नव्या आवृत्तीच्या टिपणात कोणत्या सेटिंगचे नाव बदलले आहे काय, हेही पाहून घ्यावे.

आता मराठी अक्षरांविषयी. येथे लक्षणे तीन. अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर बहुधा देवनागरी अक्षरे असलेला फॉन्ट निवडलेला नसतो. तो निवडताच मजकूर दिसू लागतो. मात्राचिन्हे असलेल्या रोमन अक्षरांची गर्दी दिसली, तर मजकूर बहुधा चुकीच्या संकेतपद्धतीने वाचला जात आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. जुन्या पद्धतीने वाचताना त्या एकाची तीन निराळी चिन्हे होतात. अशा वेळी फाइल सेव्ह न करता, ती यूटीएफ-८ या पद्धतीने पुन्हा उघडावी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातील मजकूर असेल, तर मात्र तोच फॉन्ट अथवा त्याचे रूपांतर करणारे साधन लागते.

तिसरे लक्षण प्रश्नचिन्हांचे, आणि ते सर्वांत गंभीर आहे. ज्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, तिच्यात फाइल सेव्ह झाली की अक्षरांच्या जागी खरीखुरी प्रश्नचिन्हे लिहिली जातात. मग कोणताही फॉन्ट ती अक्षरे परत आणू शकत नाही; फाइलीची जुनी प्रत असेल तरच उपाय. विंडोजच्या नोटपॅडने २०१९ पासून यूटीएफ-८ हीच सेव्ह करण्याची मूळ पद्धत केल्याने हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. जुन्या साधनांत तो अद्याप आहे.

तेव्हा श्रोतेहो, नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी सेटिंग्जची एक व मजकुराची एक अशा दोन प्रती काढून ठेवाव्यात. आणि पडद्यावर काही विपरीत दिसलेच, तर ‘सेव्ह’ करण्यापूर्वी हात आवरावा. नक्षी बिघडली म्हणून शहाणा विणकर माग थांबवितो. ताणा कापीत नाही.