माणशी भाडं की कामाची मजुरी?

सेल्सफोर्स ही १९९९ मध्ये सुरू झालेली अमेरिकी कंपनी ग्राहकसेवेसारख्या कामांचं सॉफ्टवेअर भाड्याने देते, आणि भाडं माणशी. ग्राहकाकडे नोकरभरती झाली की हिची कमाई आपोआप वाढायची. पण तक्रारींना उत्तरं एआयच देऊ लागला, तर माणसं घटणार आणि भाडंही. म्हणून २०२४ मध्ये आलेल्या ‘एजंटफोर्स’ या एआय-सेवेचा दर ठरला एका संभाषणाला २ डॉलर. आता पासवर्ड बदलून देणं आणि अडकलेला परतावा निस्तरणं, दोन्हींना सारखाच दर? ग्राहक कुरकुरणारच! २०२५ मध्ये मग प्रत्येक कृतीला १० सेंट असा पर्याय आला. त्याच वर्षी प्रमुख मार्क बेनिऑफ यांनी सांगितलं, की कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकसेवेतली माणसं ९,००० वरून सुमारे ५,००० वर आली आहेत. माणशी भाडं मात्र कंपनीने सोडलेलं नाही. मला तरी खरी हुशारी त्यातच दिसते.