गुटगुटीत बाळ आणि पुण्यात राहिलेली फाइल

वाईत कुणाच्या घरी बाळ झालं की तीन प्रश्न विचारले जातात. मुलगा की मुलगी, नॉर्मल की सिझर, आणि किती भरलं? तिसऱ्याचं उत्तर साडेतीन किलो आलं की आजीचा चेहरा उजळतो. लेकीला दूधतूप घातलं, दुपारी सक्तीनं झोपवलं, त्याचं चीज झालं असं तिला वाटतं. मी याच भागात लेबर रूममध्ये परिचारिका होते, आता निवृत्त आहे. बाळ काट्यावर ठेवून तो आकडा मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडे असायचं, आणि ते मला फार आवडायचं. तरीही गोठवलेल्या भ्रूणातून झालेल्या बाळाच्या बाबतीत हा आकडा एकटा वाचू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

आम्हाला भीती असायची ती हलक्या बाळाची. मांढरदेवाच्या डोंगरातून, जावळीतून आलेल्या बायका शेवटच्या आठवड्यापर्यंत डोक्यावर ओझी वाहायच्या. बाळ अडीच किलोच्या वर गेलं की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो. देशात आजही साधारण पाच-सहा बाळांमागे एक अडीच किलोच्या आत जन्मतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या त्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आपली बाळं दिसायला बारकी, स्नायूंना कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. म्हणजे काटा किलो सांगतो, ते किलो कशाचे आहेत हे सांगत नाही. आमच्या पिढीच्या नर्सेसना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता टेस्ट ट्यूब बेबीकडे येते. जगातलं पहिलं असं बाळ, लुईस ब्राउन, 25 जुलै 1978ला इंग्लंडमध्ये जन्मलं, वजन 2.6 किलो. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नातून ‘दुर्गा’ जन्मली, आणि तीही आधी गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून. गोठवलेल्या भ्रूणातून झालेलं पहिलं बाळ म्हणून जगानं नोंद घेतली ती ऑस्ट्रेलियातल्या झोई लेलँडची, 1984 साली. मुखर्जींवर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही, आणि 1981 साली त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून 6 ऑगस्ट 1986ला हर्षा चावडा जन्मली. तीच देशातली पहिली अशी नोंद झाली. पुढे मुखर्जींचे कागद वाचून, ते आपल्या आधी होते, हे आनंद कुमारांनीच 1997 साली जाहीरपणे मांडलं. स्वतःचा पहिला मान दुसऱ्याला देणारा माणूस. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

गोठवणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. गाय माजावर आली की जनावरांचा डॉक्टर गाडीला नायट्रोजनचा कॅन बांधून येतो, वाफाळत्या कॅनमधून बारीक कांडी काढतो. भ्रूणही त्याच द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे 196 अंशांवर. बाईच्या बीजांडांशी प्रयोगशाळेत शुक्राणूंचा संयोग करतात, बहुतेकदा पाच दिवस वाढवतात, मग भ्रूण इतक्या झटकन थंड करतात की पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होत नाहीत. पुढच्या एखाद्या महिन्यात तो सामान्य तापमानाला आणून गर्भाशयात सोडतात. अशा उपचारांसाठीच्या आपल्या 2021च्या कायद्यानं भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो.

या बाळांच्या वजनाचं चित्र गेल्या काही वर्षांत बरंच स्पष्ट झालं आहे. न गोठवता लगेच सोडलेल्या भ्रूणातून झालेली बाळं नैसर्गिक गर्भधारणेच्या बाळांपेक्षा सरासरीनं थोडी हलकी असतात. गोठवलेल्यांतून झालेली त्यांच्यापेक्षा सरासरी शंभर-दीडशे ग्रॅमनं भारी. दिवस भरण्याआधी जन्मणं, वजन कमी भरणं हे गोठवलेल्यांत कमी. दिवसांच्या मानानं खूप मोठं बाळ होणं मात्र जास्त. हे सगळं एकेकट्या बाळांविषयी. जुळं असलं की हिशेबच बदलतो. आयव्हीएफमध्ये, म्हणजे या टेस्ट ट्यूब उपचारात, बाळं हलकी होण्याचं फार मोठं कारण जुळी-तिळी हेच आहे. म्हणून ‘एकदमच दोन होऊ द्या, खर्च वाचेल’ असं डॉक्टरांना सांगणाऱ्या घरच्यांना माझी विनंती आहे, तसा आग्रह धरू नका.

ज्या आयांचे भ्रूण गोठवतात त्याच मुळात तब्येतीनं चांगल्या, म्हणून बाळं मोठी होत असतील, असं कुणालाही वाटेल. डेन्मार्कच्या आन्या पिनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 2014 साली सख्खी भावंडं तपासली. आई तीच, एक मूल ताज्या भ्रूणातून, दुसरं गोठवलेल्यातून. दुसरं मूल पहिल्यापेक्षा एरवीही भारी असतं, तेही त्यांनी हिशेबात धरलं. तरी गोठवलेल्या बाजूचं पारडं जड राहिलं. तेव्हा सगळं आईवर ढकलता येत नाही.

मग कारण काय? ताजा भ्रूण सोडतात तेव्हा इंजेक्शनांनी एकदम अनेक बीजं पिकवलेली असतात, अंगात संप्रेरकांचा पूर असतो, आणि तशा गर्भाशयात वार नीट रुजत नसावी, म्हणून बाळ हलकं. हे बऱ्याच तज्ज्ञांना पटतं. गोठवलेला भ्रूण शांत झालेल्या गर्भाशयात जातो. पण त्यातून झालेलं बाळ नैसर्गिक गर्भधारणेच्या बाळापेक्षाही मोठं का भरावं, हे एवढ्यानं उलगडत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांपासून अवाजवी मोठी कोकरं आणि वासरं जन्मल्याचं 1990च्या दशकात दिसलं, आणि वाढीची काही जनुकं चालू-बंद होण्यात फरक सापडला. माणसाच्या भ्रूणात गोठवण्यानं तसं काही होतं का, यावर शोध चालू आहे.

तिसरा धागा वजनापेक्षा आईच्या बीपीचा, आणि तो मला परिचारिका म्हणून सगळ्यात जवळचा वाटतो. गर्भाशय तयार करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत बाईचं नेहमीचं चक्र चालू देतात. दुसरीत गोळ्या आणि इंजेक्शनं देऊन चक्र बाहेरून चालवतात. तारीख ठरवायला ते सोयीचं पडतं. पण मग त्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, आणि बीज गेल्यावर अंडाशयात उरणारा पीतपिंडही तयार होत नाही. हा पीतपिंड रिलॅक्सिनसारखी द्रव्यं सोडतो, ती आईच्या रक्तवाहिन्यांना गरोदरपणासाठी सैल करतात. ती नसली की बीपी वाढण्याचा धोका वाढत असावा. चीनमध्ये पीसीओएस, म्हणजे अंडाशयात बीजं नीट न पिकण्याचा विकार, असलेल्या सुमारे दीड हजार बायकांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोठवलेल्या गटात 4.4 टक्के बायकांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकादायक आजार, झाला, ताज्या गटात 1.4 टक्के. त्याच चाचणीत गोठवलेल्या गटात जिवंत बाळं जास्त जन्मली, आणि इंजेक्शनांनी अंडाशय सुजण्याचा त्रास कमी झाला. म्हणून पीसीओएसच्या मुलींना डॉक्टर ‘सगळे फ्रीज करू’ म्हणतात, त्यात चूक नाही. फक्त पुढचे नऊ महिने कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बीपी पाहिलं पाहिजे.

आणि इथंच आमच्याकडे गाडी अडते. उपचार पुण्याला होतात, बाळंतपण माहेरी, वाईला. आयव्हीएफ केल्याचं सासरी सांगितलेलं असतं तर माहेरच्या भाऊबंदांना नसतं, किंवा उलट. एक मुलगी मला आठवते. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. सोबत फक्त सोनोग्राफीचे रिपोर्ट होते. बाकी फाइल पुण्याच्या घरी कपाटात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले एवढंच आई म्हणाली. पायावर सूज होती, ती घरी सगळ्यांनी गरोदरपणाची म्हणून सोडून दिलेली. डोकं दुखतं, हे मी खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं. बीपी 160च्या वर होतं. तिला तातडीनं सातारला हलवलं, मायलेक सुखरूप राहिले. आधीपासून माहिती असती तर ती धावपळ वाचली असती, आणि बीपीचा हा त्रास टळावा म्हणून पहिल्याच महिन्यांत ॲस्पिरिनची छोटी गोळी द्यायची का, हेही डॉक्टरांना ठरवता आलं असतं. ती गोळी साधारण सोळाव्या आठवड्याआधी सुरू करायची असते. सातव्या महिन्यात तिचा उपयोग नाही. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही घेऊ नये.

मोठ्या बाळाचंही तसंच. आपल्याकडे मधुमेहाची प्रवृत्ती आधीच जास्त. गरोदरपणात साखर वाढली तरी बाळ मोठं होतं. त्यात गोठवलेल्या भ्रूणाचे शंभर-दीडशे ग्रॅम मिळाले, आई उंचीनं कमी असली, तर बाळंतपणात खांदा अडकू शकतो, नंतर आईला रक्तस्राव जास्त होऊ शकतो, आणि बाळाची साखर पहिल्या काही तासांत घसरू शकते. गुटगुटीत बाळ शांत झोपलंय म्हणून पाजायला उठवत नाहीत, ते धोक्याचं आहे.

यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. बहुतेक बाळं निरोगी होतात, आणि शंभर-दीडशे ग्रॅम ही सरासरी आहे. तुमच्या बाळाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. ज्या घरात कित्येक वर्षं पाळणा हलला नव्हता तिथलं बाळ मी हातात घेतलं आहे, त्या आईचा आनंद कुठल्याही आकड्यानं कमी व्हावा असं मला कधीच वाटणार नाही.

मुलगी माहेरी येणार असेल तर उपचार केंद्राकडून एक कागद मागून घ्या. भ्रूण ताजा होता की गोठवलेला, किती सोडले, कोणत्या तारखेला, आणि चक्र नेहमीचं होतं की औषधांनी चालवलेलं, एवढं त्यावर लिहून आणा. कुणाला सांगायचं नसेल तर सांगू नका, तो तुमचा अधिकार आहे. पण बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तो कागद द्या, आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीखाली पोटात दुखलं तर रात्र असली तरी दवाखान्यात या.