पन्नाशीनंतरचा चेहरा आणि ‘पटकन फरक’

“दादा, मागच्या वेळी दिलेली ती वांगावरची ट्यूब द्या ना. तिने पटकन फरक पडतो.” मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य कुठल्याही गावात ऐकू येतं. दादाही चिठ्ठी न मागता ट्यूब काढून देतात. घेणाऱ्या ताई किंवा काकू बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीच्या असतात. पाळी जाण्याच्या सुमारास त्वचा कोरडी पडायला लागलेली असते, गालांवरचे डाग गडद झालेले असतात, घरातलं लग्नकार्य तोंडावर आलेलं असतं आणि शेजारणीने ट्यूबचं नाव सांगितलेलं असतं.

चेहऱ्याच्या क्रीमबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत घातक हाच: लवकर गुण येतो ते क्रीम चांगलं. वय झालेल्या त्वचेच्या बाबतीत नेमकं उलट धरून चालावं. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर झडून खालून नवा येण्याचं चक्र तरुणपणी साधारण महिनाभराचं असतं. वय वाढतं तसं ते लांबतं, साठीनंतर दीड-दोन महिन्यांवर जातं. साध्या क्रीमने ओलावा येऊन चेहरा लगेच तुकतुकीत दिसतो, ती गोष्ट वेगळी. पण डाग आणि रंग यांत खरा बदल व्हायचा तर दोन-तीन महिने जातातच. आठ दिवसांत चेहरा उजळला, तर ट्यूबमध्ये दुसरंच काहीतरी आहे असं समजावं.

हे दुसरं काहीतरी बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, दाह थांबतो, रंगद्रव्य तयार होणं मंदावतं. म्हणून चेहरा गोरा, नितळ दिसतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांची जाळी दिसू लागते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवलं तर चेहरा लालबुंद होऊन आग होते. मग ती आग शमवायला पुन्हा तीच ट्यूब. पन्नाशीनंतर त्वचा मुळातच पातळ होत चाललेली असते, त्यामुळे हे नुकसान जास्त खोल जातं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन देशातल्या वेगवेगळ्या त्वचारोग केंद्रांत आलेल्या २,९२६ रुग्णांची विचारपूस केली होती. त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम झाला. काउंटरवर काय चालतं ते वर सांगितलंच.

तेव्हा घरातली ट्यूब हातात घ्या आणि चष्मा लावून तिची मागची बाजू वाचा. डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. मग नावं बघा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांतलं एकही दिसलं तर ते स्टेरॉइड. वांगावर सर्रास खपणाऱ्या ट्यूबांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तिघे एकत्र असतात. त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण काही आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं पावडरच्या डब्याशेजारी ठेवून वापरलं जातं. तुम्ही असं क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर एकदम फेकून देऊ नका. ते हळूहळू कसं बंद करायचं हे डॉक्टर सांगतील, कारण अचानक सोडल्यावर होणारा त्रास सहन न होऊन बायका पुन्हा त्याकडेच वळतात.

दुसरा गुन्हेगार पारा. तोही रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरं करणाऱ्या क्रीममुळे इजा झाल्याचं उघडकीला आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळमध्ये मलप्पुरमच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक ठरावीक, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. पाय सुजणं, लघवीला खूप फेस येणं ही याची लक्षणं. बाईने डॉक्टरांना ही लक्षणं सांगितल्यावर “चेहऱ्याला काय लावता?” असं विचारलं जातंच असं नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

पाऱ्याच्या अशा डब्या ओळखता येतात. त्यांच्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक नसतो. घटकांची यादी नसते, किंवा असली तर वाचता न येणाऱ्या लिपीत असते. आणि एक विलक्षण खूण: काही डब्यांवर ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम यांच्याशी संपर्क टाळा’ अशी सूचना असते. पारा सोन्याचांदीला धरतो, म्हणून ही सूचना. दागिन्याला जे चालत नाही ते गालाला चोळायला दिलेलं असतं. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून काही लावत असतील, तर ‘मूळ डबी दाखवा’ असं म्हणायला अजिबात संकोच करू नये.

महाग क्रीम जास्त चांगलं, हा समज खिशाला लागतो, जिवाला नाही, पण त्यात कष्टाचे पैसे जातात. सध्या कोलॅजेनच्या क्रीमची चलती आहे. कोलॅजेन कमी होतं हे खरंच. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन घटतं. त्या वर्षांत चेहरा एकदम उतरल्यासारखा वाटतो तो उगाच नाही. पण बाहेरून चोळून ते भरून निघत नाही. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतच्या वजनाचे रेणूच सहज आत शिरतात. कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला. त्याचे तुकडे करून क्रीममध्ये घातले, तरी ते बहुतांशी वरच बसून थोडा ओलावा धरून ठेवतात, आणि तेच काम ग्लिसरीन फार कमी पैशांत करतं.

मॉइश्चरायझरकडून अपेक्षा दोनच: पाणी धरून ठेवणं आणि ते उडू न देणं. दुसऱ्या शतकात गालेन या ग्रीक वैद्याने मेण, ऑलिव्ह तेल आणि पाणी घोटून लेप बनवला होता. आजचं कोल्ड क्रीम त्याच घराण्यातलं. ग्लिसरीन, सिरॅमाइड, युरिया, पेट्रोलियम जेली यांतलं काही लेबलवर दिसत असेल आणि उग्र सुगंध नसेल, तर ते क्रीम तुमच्या कामाचं. डोळ्यांभोवतीचं वेगळं, मानेचं वेगळं, दिवसाचं वेगळं असा संसार मांडायची गरज नाही. रात्रीच्या क्रीममध्ये रेटिनॉल (त्याबद्दल पुढे) असेल तर ते उजेडात टिकत नाही, म्हणून रात्री लावायचं, एवढाच फरक खरा. लावण्याची वेळ मात्र ब्रँडपेक्षा महत्त्वाची. तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा न पुसता नुसतं टिपून, ओलसर असतानाच क्रीम लावावं. थंडीत कढत पाण्याने तोंड धुण्याची सवयही सोडावी, आणि अंगाचा साबण चेहऱ्याला लावण्याचीही. त्वचा किंचित आम्ल असते, पीएच पाचच्या आसपास. वडीचा साबण नऊ-दहाचा. तरुण कातडी तो धक्का काही तासांत भरून काढते, वय झालेली तेवढ्या लवकर नाही.

आता सनस्क्रीन. ‘मी घरातच असते’, ‘आपण सावळ्या, आपल्याला काय होतंय’, ‘आता या वयात कशाला’ ही तीन उत्तरं घरोघरी मिळतात. पण खरं सांगायचं तर सुरकुत्या आणि डाग यांवर सगळ्यांत भक्कम पुरावा असलेली ट्यूब हीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीचे ठसे घेऊन तुलना केली, तर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवल्यामुळे त्यांच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची झाली होती, आणि उजवी त्यामानाने कितीतरी तरुण. उन्हातले यूव्हीबी किरण काचेने अडतात, यूव्हीए आत येतात. खिडकीशी बसून भाजी निवडणारी, शिवणकाम करणारी, ऑफिसात काचेच्या भिंतीजवळ बसणारी बाई ‘घरात’ असली तरी उन्हात असते. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, तेव्हा गाडी चालवणाऱ्यांनी उजव्या गालाकडे जरा निरखून बघावं.

सावळ्या त्वचेला उन्हाने भाजण्यापासून बरंच संरक्षण असतं, हे खरं. पण डाग पडण्यापासून नसतं, उलट तो आपलाच प्रश्न जास्त. वांगाचे डाग तर नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणून यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हं मोजावीत. एसपीएफ ३० पुरेसं असतं. चुकतं ते प्रमाण. प्रयोगशाळेत हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढतात. घरी त्याचा हिशोब असा: तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. कानाच्या पाळ्या आणि हाताची पाठ विसरू नये. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. छत्री, स्कार्फ, पदर हेही उत्तमच, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

घरगुती ते निर्धोक, यावर थोडक्यात. लिंबू चेहऱ्याला लावू नये. ते खूप आम्लधर्मी असतं, आणि ते लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहतात. खायचा सोडा, टूथपेस्ट हेही नको. डाळीच्या पिठाचं उटणं दिवाळीत एकदा ठीक. रोज घासाल तर कोरडी त्वचा आणखी कोरडी होईल.

आणखी एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो, आणि तो समजून न घेता क्रीम बदलत राहण्यात वर्षं जातात. पन्नाशीत कपाळाच्या कडेला, कानांपुढे, गालांवर करडा-काळसर पट्टा आला, तर आधी केसांच्या डायची आठवण करावी. डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतही पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी कधी कधी खाज न येता नुसता रंग गडद करून जाते. डाय थांबवल्याशिवाय कुठलंच क्रीम तिथे चालत नाही. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडू लागला, तर तो बहुधा टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा परिणाम असतो. चिकटवायची टिकली लगेच बंद करावी. मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर घासू नका. ती बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे क्रीमआधी साखर तपासावी. गालांवर, डोळ्यांखाली येणारे बारीक काळे उंचवटे निरुपद्रवी असतात. त्यांना चुना लावून जखम करून घेऊ नये. काढायचेच असतील तर डॉक्टर काही मिनिटांत काढून देतात. पण एखादा तीळ झपाट्याने वाढला, रंग बदलला, त्यातून रक्त आलं किंवा जखम महिनाभरात भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नये.

राहता राहिलं, ‘आता काय उपयोग, वय झालं’. २००७ साली एक छोटा पण मला फार आवडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ वृद्ध, सरासरी वय ८७. प्रत्येकाच्या एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या दंडाला तसंच दिसणारं बिनऔषधाचं लोशन, आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, २४ आठवडे. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या, आणि त्वचेत नवं कोलॅजेन तयार होत असल्याचंही दिसलं. कोलॅजेन असं, आतून बनतं. रेटिनॉलचा जोरकस भाऊबंद ट्रेटिनॉइन, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावा. रेटिनॉल सुरू करायचं तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा, आणि वरून मॉइश्चरायझर. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडाव्यात. सुरुवातीला पापुद्रे निघतील, थोडी चुणचुण होईल. फारच झालं तर दिवसांमधलं अंतर वाढवावं. सकाळी सनस्क्रीन हवंच. तीन महिने पुरे होईपर्यंत आरशाकडून उत्तर मागू नये. आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल, किंवा तसा विचार चालू असेल, तर तिला हे क्रीम लावू देऊ नये. गरोदरपणात रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉल-ट्रेटिनॉइनचं कूळ, टाळायचं असतं, म्हणून ती ट्यूब सगळ्यांच्या आरशापुढे न ठेवता आपल्या कपाटात ठेवावी.