घडी आणि चेहरा : छायाचित्र व ओरिगामी यांचा संयोग

मराठीत 'घडी' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : एक कालवाचक, दुसरा वस्त्राच्या वा कागदाच्या दुमडीचा. छायाचित्रकार पहिली घडी टिपतो. ओरिगामीचा कलावंत दुसरी घालतो. या दोन्ही घड्या एकाच चेहऱ्यावर आल्या म्हणजे काय होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील रहिवाशांना हा संयोग सर्वस्वी अपरिचित नाही. मोबाइल येण्यापूर्वी लोकलच्या गर्दीत वर्तमानपत्र उभे दुमडून वाचण्याची रीत होती. पहिल्या पानावरील चेहरा घडीत सापडला की अर्धाच उरे. तरी एक डोळा व ओठांची कड एवढ्यावरून वाचक तो ओळखी. तेथे घडी गरजेपोटी पडे. तीच हेतुपुरस्सर घातली की कलेचा प्रश्न उपस्थित होतो.

जर्मनीत जन्मलेल्या छायाचित्रकार अल्मा हाझर यांची 'कॉस्मिक सर्जरी' ही चित्रमालिका याचे ठळक उदाहरण आहे. प्रथम व्यक्तीचे छायाचित्र घेतले जाते. नंतर चेहऱ्याच्या अनेक प्रती छापून त्यांचे घटक दुमडतात व ते परस्परांत गुंतवून एक आकृती सिद्ध करतात. ती मूळ चित्रातील चेहऱ्यावर ठेवून पुन्हा छायाचित्र घेतले जाते. खांदे, केस, वस्त्रे जागच्या जागी राहतात. ओळख मात्र हरपते.

अशा कामात कागदाची निवड निर्णायक ठरते. छायाचित्राचा जाड, चकचकीत कागद घडीवर तडकतो. कारण प्रतिमा धारण करणारा वरचा थर कागदाच्या तंतूंइतका लवचिक नसतो. पातळ, बिनचकाकीचा कागद घडी नीट धरतो.

'ओरिगामी' या जपानी समासात 'ओरु' म्हणजे दुमडणे व 'कामी' म्हणजे कागद. समासात 'क'चा 'ग' झाला आहे. शुद्ध ओरिगामीत कात्री वर्ज्य मानतात. म्हणून कातरलेल्या चित्रांच्या जुळणीहून ही पद्धती तत्त्वतः भिन्न ठरते : कात्री चेहरा तोडते, घडी तो झाकते. दुमडलेल्या कागदात चेहरा अखंडच असतो. परंतु अंतिम चित्र पाहणाऱ्यास ती घडी उलगडता येत नाही.

यास्तव या सहकार्यात छायाचित्रकार व कागद दुमडणारा यांच्याबरोबर तिसरा भागीदारही मानला पाहिजे, तो म्हणजे ज्याचा चेहरा आहे तो. नव्या लुगड्याची घडी कोणी मोडावी, हे मराठी घरांत विचारून ठरते. चेहऱ्याची घडी कोणी व कोठे घालावी, हेही विचारूनच ठरावे.