टास्मानियन डेव्हिल किती वर्षं जगतो?

‘अमुक प्राणी किती वर्षं जगतो?’ असं आपण विचारतो, आणि एक आकडा मिळाला की आपलं समाधान होतं. आज असा एक आकडा जरा उकलून बघू या.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट आहे. तिथल्या रानात टास्मानियन डेव्हिल राहतो. काळा, ठेंगणा, लहानशा कुत्र्याएवढा. कांगारूसारखाच हाही पिल्लं पिशवीत वाढवणारा प्राणी, पण मांसाहारी. मेलेलं जनावर सापडलं तर हाडं-केसांसकट फस्त करतो. रानात त्याचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं.

झुंज जन्मापासूनच सुरू होते. मादीला एका वेळी वीस-तीस पिल्लं होतात, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि स्तन किती? फक्त 4. जी आधी पोचतात ती जगतात.

मोठे डेव्हिल एकेकटे हिंडतात. मढ्यावर किंवा विणीच्या हंगामात गाठ पडली, की चावाचावी ठरलेली, तीही बहुधा तोंडावर.

1996 मध्ये बेटाच्या ईशान्येला काहींच्या चेहऱ्यावर गाठी दिसल्या. तो निघाला संसर्गजन्य कर्करोग. म्हणजे काय, तर कर्करोगाच्या जिवंत पेशीच चाव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गाठ आलेले बहुतेक प्राणी काही महिन्यांत मरतात.

आता आपल्याला वाटेल, ज्याला जास्त चावे बसले तो आजारी पडणार. अभ्यासकांना उलटंच दिसलं. ज्यांच्या अंगावर चावे कमी, त्यांना रोग जास्त! कारण जो दांडगा असतो, तो दुसऱ्याच्या गाठीलाच चावतो आणि रोग स्वतःच्या तोंडात घेतो. ज्या दांडगाईने घास मिळायचा, तिनेच मरण आणलं.

रोग पोचला तिथे तीन वर्षांपुढचे प्राणी क्वचित दिसू लागले. पूर्वी मादी दुसऱ्या वर्षी वयात यायची आणि आयुष्यात साधारण तीनदा विणायची. आता कित्येक माद्या पहिल्याच वर्षी वयात येतात. स्पर्धक कमी झाले, खाणं वाढलं, वाढ लवकर होते. आयुष्याबरोबर बालपणही आखूड झालं, बघा.

वंश टिकावा म्हणून 2012 पासून निरोगी डेव्हिल जवळच्या मारिया बेटावर सोडले. ते तिथे फोफावले. पण त्या बेटावर लहान पेंग्विनांच्या सुमारे 3,000 जोड्या होत्या. काही वर्षांत ती वसाहतच संपली. डेव्हिलचं आयुष्य वाढवण्याची किंमत पेंग्विनांनी मोजली. ती मोजायला लावायचा अधिकार आपल्याला होता का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.

तेव्हा ‘पाच-सहा वर्षं’ हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. आयुष्याचा आकडा प्राणी जन्मताना सोबत घेऊन येत नाही. तो कोणाला चावतो, काय खातो आणि माणूस त्याला कुठे नेऊन सोडतो, यावर तो ठरत जातो. पुढच्या वेळी असा आकडा वाचलात, तर ‘कुठे, केव्हा आणि कोणाच्या शेजारात?’ एवढं जरूर विचारा.