पिकअपला मोठे टायर टाकताय? आधी स्टेपनीचा हिशेब करा

मुरुड (ता. लातूर) : आमच्या भावकीतल्या एका पोराने गेल्या खरिपाच्या आधी पिकअपला चार नवे मोठे टायर टाकले. गाडी उंच दिसायला लागली, पोरं फोटो काढायला लागली. स्टेपनी मात्र जुनीच राहिली. "चार घेतानाच खिसा मोकळा झाला, पाचवा कशाला?" असा त्याचा हिशेब. पुढे सोयाबीनचे कट्टे भरून लातूरच्या आडतीवर निघालेला असताना रात्री मागचा टायर कडेला फाटला. जुनी, लहान मापाची स्टेपनी मागेच लावली आणि गाडी पुढे काढली. नवा टायर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पंधरा दिवस तशीच भरून चालवली. मग मागून घूं घूं आवाज सुरू झाला. मेकॅनिकने मागची पेटी उघडली तर आतले दाते खाल्लेले. पाचव्या टायरचे वाचवलेले पैसे तर गेलेच, वर गाडी ऐन हंगामात दारात उभी राहिली आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

सध्या मोठे आणि 'ऑल टेरेन' टायर टाकण्याची हौस आपल्या भागात वाढली आहे. त्यात नुसती हौस नाही, गरजही आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले किती पाणंद रस्ते वाहून गेले ते आपण पाहिलंच आहे. शेत रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली, पण अजून कित्येक शिवारांत माल गाडीपर्यंत नाही, तर गाडीच मालापर्यंत न्यावी लागते. म्हणून दुकानात जाण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ.

टायरवरचे आकडे काय सांगतात

टायरच्या कडेला २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे १५ इंची रिम.

आता हिशेब करा. २१५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर. वरची आणि खालची भिंत मिळून ३२२. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की टायरची पूर्ण उंची ७०३ मिलिमीटर. याच रिमवर २३५/७५ आर १५ टाकला तर उंची ७३३ होते. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के.

पण गाडी ३० मिलिमीटर वर येत नाही. चाकाचा मध्य निम्म्यानेच वर जातो, म्हणजे १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर! दगड चुकवायला तेवढी मदत होते हे खरं, पण बैलगाडीच्या खोल चाकोरीत एवढ्याने फार फरक पडत नाही.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६२ ते ६३ च्या वेगाने पळते. खरे १०० किलोमीटर झाले तर मीटरवर ९६ च पडतात. भाडं किलोमीटरवर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय मोठं चाक फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. भरलेली गाडी चढावर काढताना क्लच जास्त झिजतो आणि ब्रेकवरही ताण वाढतो.

दिसायला मोठा, वजनाला कमी

सर्वात मोठी फसगत इथे होते. मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं १०५ एस. आकडा म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन उचलतो त्याचा क्रमांक. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०८ म्हणजे १,००० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०.

समजा भरलेल्या गाडीचं मागच्या एक्सलवर २,००० किलो वजन येतं. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर १,००० किलो. तिथे १०५ क्रमांकाचा टायर टाकला तर तो ७५ किलोने कमी पडतो. दिसायला रुंद, उंच, दणकट, पण उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर भरून पळवला की तापतो आणि फुटतो.

असं का होतं? बाजारात मिळणारे बरेच ऑल टेरेन टायर जीप आणि एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. त्यात पाच-सात माणसं बसतात, कट्टे नाही. पिकअपसाठी मापाच्या आधी किंवा नंतर 'एलटी' किंवा 'सी' असं लिहिलेला, जास्त प्लायचा टायर लागतो. प्लायचा आकडा '८ पीआर' असा लिहिलेला असतो. कंपनीने दिलेल्या टायरचा वजनाचा क्रमांक आणि प्ले कागदावर लिहून घ्या. नवा टायर त्याच्यापेक्षा एक आकडाही खाली चालणार नाही. कंपनीचं माप गाडीच्या पुस्तकात आणि बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलला वेगवेगळं माप येतं, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

रिमला बसतो का?

रिम १५ इंची आहे म्हणजे १५ चा कुठलाही टायर चालतो, असं नाही. रिमला रुंदीही असते. रिमवर ५.५ जे किंवा ६ जे असं कोरलेलं असतं. २३५/७५ आर १५ ला कमीत कमी ६ इंच रुंदीची रिम लागते. ५.५ च्या रिमवर तो दाबून बसवला तर मधोमध फुगतो, मधलीच नक्षी घासते आणि वळणावर गाडी डुलते.

बसवल्यावर दुकानातच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. मडगार्डला, पाट्याला, ब्रेकच्या पाइपला घासतो का ते बघा. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर भरल्यावर घासतो. म्हणून पहिल्यांदा माल भरल्यावर एखाद्या गतिरोधकावरून हळू नेऊन परत तपासा.

काळ्या रानाचं गणित वेगळं

ऑल टेरेन म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारा, असं नाव सांगतं. खडी, मुरूम, दगडाची पाणंद, कोरडं रान, तावरजा नदीकाठची वाळू, इथे तो खरंच कामाचा. त्याची नक्षी खोल आणि तुटक असते आणि कडेची भिंत जाड असते, म्हणून दगडाने लवकर फाटत नाही.

पण आपली काळी चिकण माती ओली झाली की दोन चकरांतच नक्षीत गच्च भरते. मग टायर कुठलाही असो, तो गुळगुळीतच. त्यात रुंद टायर चिखलावर तरंगल्यासारखा घसरतो. अरुंद टायर निदान चिखल कापून खालच्या कडक थराला टेकतो. आपल्या बैलगाडीची चाकं उंच आणि अरुंद होती, ती उगीच नाही. म्हणून पाऊस झाल्यावर वापसा येईपर्यंत काळ्या रानात गाडी घालू नये हे जुन्या माणसांचं सांगणं हजारो रुपयांच्या टायरलाही लागू आहे.

गाडीचा रोजचा रस्ता कोणता ते आधी ठरवा. मुरुडहून लातूर-बार्शी रस्त्याला भाजीपाला नेणाऱ्याची गाडी दहापैकी नऊ किलोमीटर डांबरावर असते. त्याला ऑल टेरेन टायरचा आवाज आणि जास्त डिझेल एवढंच हाती लागेल. खडीच्या कामावर किंवा डोंगरपट्ट्यात रोज जाणाऱ्याला मात्र तो परवडतो.

स्टेपनी : खरा मुद्दा

आता भावकीतल्या पोराच्या गाडीला काय झालं ते पाहू. २१५ चा टायर एका किलोमीटरला साधारण ४५२ फेरे घेतो, २३५ चा ४३४. म्हणजे दर किलोमीटरला १८ फेऱ्यांचा फरक. मागच्या एक्सलच्या मधोमध जी गोल पेटी असते, ती डिफरन्शियल. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून ती असते. सरळ रस्त्यावर तिच्या आतले छोटे गिअर आपसात जवळपास फिरतच नाहीत. पण एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा टायर लावला की गाडी सरळ जात असतानाही ते सतत फिरत राहतात. ३५ किलोमीटर धरले तर साडेसहाशेच्या आसपास जादा फेरे, तेही भरल्या गाडीत. ऑइल तापतं, दाते झिजतात. फोर व्हील गाडीत फोर व्हील लावून डांबरावर असं चालवलं तर नुकसान आणखी लवकर होतं.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, माप कंपनीचंच ठेवा, फक्त नक्षी ऑल टेरेन घ्या. जुनी स्टेपनी चालते, मीटर बरोबर राहतो, कागदाची अडचण नाही. नव्या आणि घासलेल्या टायरमध्येही थोडा फरक असतो, म्हणून स्टेपनी कायमची नको, पंक्चर निघेपर्यंतच. आपल्या भागातल्या बहुतेक गाड्यांना हीच वाट बरी.

दुसरी, मोठं माप घ्यायचंच असेल तर पाच टायर घ्या. एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही टायर आळीपाळीने फिरवा, म्हणजे पाचवा पडून कडक होणार नाही आणि सगळे सारखे घासतील. घेण्याआधी एक गोष्ट मात्र मोजा. पिकअपची स्टेपनी ट्रॉलीच्या खाली अडकवलेली असते. तिथे मोठा टायर बसतो का? सायलेन्सरला लागतो का? भरल्यावर बांधाला घासेल इतका खाली येतो का? जुनी स्टेपनी खाली काढून जागा टेपने मोजा, मगच पैसे द्या.

तिसरी, पाचवा घ्यायची ऐपत आजच नसेल, तर निदान एवढं करा. लहान स्टेपनी मागच्या चाकाला लावू नका. मागचा टायर पंक्चर झाला तर पुढचा चांगला टायर काढून मागे लावा आणि लहान स्टेपनी पुढे लावा. टू व्हील पिकअपला ताकद मागच्या चाकांना असते, म्हणून पुढे लहान टायर असला तरी डिफरन्शियलला त्रास नाही. गाडी एका बाजूला ओढेल, ब्रेक लावताना जास्त ओढेल, तेव्हा सावकाश पहिल्या पंक्चरच्या दुकानापर्यंतच जा. रात्री रस्त्यावर दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, पण पेटी उघडण्यापेक्षा तो परवडला. चाकाखाली दगड लावूनच जॅक लावा.

आरटीओ आणि विमा

मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या अर्जात कंपनीने ठरवलेलं टायरचं माप आणि प्ले लिहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. दंड होऊ शकतो, फिटनेसला गाडी अडू शकते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. अपघात झाला आणि टायर वेगळ्याच मापाचे निघाले तर विम्याच्या दाव्यात वाद होऊ शकतो, हे वेगळंच. म्हणून मोठं माप टाकण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

दुकानात गेल्यावर

- टायरच्या कडेला चार आकड्यांची बनावटीची तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ मधला २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.
- आयएसआयचा शिक्का आहे का ते पाहा.
- जीएसटीचं पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. भाव जुना सांगत असतील तर विचारा.
- बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच लागतो.
- रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला नको.
- नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने आणि जिवाच्या दृष्टीनेही टायर संपला.
- हवा थंड टायरमध्ये, महिन्यातून दोनदा तपासा. तेव्हा स्टेपनीचीही तपासा.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. चार टायरची हवा आपण बघतो, पाचवा ट्रॉलीखाली चिखल खात पडलेला असतो. हा लेख वाचून दुसरं काही केलं नाही तरी चालेल. उद्या सकाळी गाडीखाली वाकून स्टेपनीचं माप आणि हवा तेवढी बघा. भावकीतल्या त्या पोराने गाडी दुरुस्त केल्यावर पहिलं काम तेच केलं. पाचवा टायर त्याने शेवटी घेतलाच, पण पेटीचं बिल भरल्यानंतर.